बनाबाईचा उजवा हात

सोलापूरच्या भवानी पेठेत घोंगडी विकणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण पैसे मोजून वर आभारही मानत जाणारं गिऱ्हाईक फक्त एकीच्याच पथारीपुढं दिसायचं. ती येडू धनगराची बायको, बनाबाई. मंगळवारच्या बाजारात ती बसली की शेजारची मिरचीवाली आपला माल सोडून हिचं बोलणं ऐकत राहायची. कुणी घोंगडं उलटंपालटं करून नाक मुरडलं, की बनाबाई म्हणायची, "दादा, नाक सांबाळा. ह्ये घोंगडं तुमच्या लेकीच्या लग्नात अंथराल, आन तिच्या लेकीच्या लग्नातबी ह्येच अंथरतील. तवर ह्ये ऱ्हाईल, तुमचं नाक काय ऱ्हात न्हाय." माणूस हसायचा. आणि एकदा हसला की बनाबाई त्याला मोकळ्या हातानं जाऊ देत नसे.

नवरा येडू म्हणजे सगळाच उलटा कारभार. खड्ड्यातल्या मागावर बसला की त्याच्यासारखं विणणारा पेठेत कुणी नव्हता, पण बाजारात बसवला की संपलं. गिऱ्हाईक भाव पाडून मागायचं, आणि हा म्हणायचा, "बरं, न्ह्या." सासू तानाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. घर चालत होतं ते येडूच्या हातांवर आणि बनाबाईच्या जिभेवर, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

असल्या बाईला झटके यायला लागले. अंगणात चिंचोक्याची खळ शिजत होती. घोंगड्याला ताठपणा यावा म्हणून ती लावतात. बनाबाई ढवळत होती आणि एकदम तिची बोटं बधिर झाली, आणि ती कढईच्या कडेलाच कोसळली. डोळे घट्ट मिटलेले, दातखीळ बसलेली, अंग धनुष्यासारखं वाकतंय, हातपाय आपटतायत. थोडी खळ मनगटावर सांडून कातडं सोललं, तेवढ्यावर निभावलं. पण तानाबाईनं ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून कढई चुलीवर चढली की म्हातारी सुनेच्या पाठीशी येऊन उभी राहायची.

मग उपचार सुरू झाले. फेफरं आलं की वहाण हुंगवायची आणि कांदा फोडून नाकाशी धरायचा, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळं बनाबाई पडली रे पडली की शेजारीपाजारी वहाणा उपसूनच धावत यायचे. आता गंमत अशी, की बनाबाईला या सगळ्यात ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते, जीभ हलत नव्हती, अंग तर जणू दुसऱ्याच कुणाचं, पण कान मात्र शाबूत. नाकही शाबूत, हे तिचं दुर्दैव. वहाण कुणाची आहे हे ती वासावरून ओळखायची, आणि आतल्या आत त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरायची. बाहेर मात्र एक शब्द फुटत नव्हता.

वहाणा परवडल्या. पण एकदा ती अशीच पडलेली असताना मिरचीवाली कुणाच्या तरी कानात कुजबुजली, "सोंग हाय गं. काम नगं झालंय तिला." ते बनाबाईच्या काळजात रुतून बसलं. काम नको झालंय? बनाबाईला? तिला मंगळवार उजाडला की सण आल्यासारखं वाटायचं. पण आपलं अंग आपल्याला विचारत नाही हे सांगायचं कुणाला, आणि मानणार कोण?

म्हणूनच चन्नप्पा आला तेव्हा तिला बरं वाटलं. हा बिरोबाच्या देवळातला पुजारी, अक्कलकोटकडचा, निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी बोलणारा. त्यानं बनाबाईला एकदा पडलेली पाहिली, कपाळाला भंडारा लावला आणि जाहीर करून टाकलं, "एनु हुच्चरप्पा तुमी, खुळे का काय! फेफरं काय, सोंग काय! अंगात मायाक्का येती हिच्या!"

आता देवी अंगात आली म्हणजे ती बोलते. आपलं नाव सांगते, कुठल्या वाटेनं आली ते सांगते. इथं तर बाईची दातखीळ बसलेली. पण चन्नप्पा अडून बसणारा माणूस नव्हे. देवळात कौल लावतात तेव्हा देवाच्या अंगावर फूल चिकटवतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. "मंग हात बगा की," चन्नप्पा म्हणाला. "उजवा हात हलला तर हो. डावा हलला तर न्हाय. मुकी देवी हाय ही."

मायाक्काचा बिचारीचा यात काही दोष नव्हता, तिला कुणी विचारलंच नव्हतं. बनाबाईचा उजवा हात मुळातच जास्त उडायचा. जन्मभर त्याच हातानं घोंगडी झटकून दाखवलेली. त्यामुळं कौल बहुतेक उजवाच यायचा. हरवलेली शेळी सापडेल का? हो. गिरणीत चिकटेन का? हो. पोरगं होईल का? हो. आणि लोकांना 'हो' म्हणणारी देवी फार आवडते. अंगणात नारळांचा ढीग पडायला लागला. मिरचीवाली लांबूनच पाया पडू लागली. बनाबाईला मनातून हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटायची. सोंग म्हणणारी तोंडं बंद झाली होती.

पण मजेचं बिल यायचं होतं. "देवीचं झाड हाय तू. बाजारात बसून घोंगडी ईकतीस? शोभतं व्हय?" चन्नप्पानं फर्मान काढलं, आणि तानाबाईनं बनाबाईचा बाजार बंद केला. मंगळवारी येडू पथारी घेऊन गेला. तो कसा परत आला ते सांगायला नको.

असे मंगळवार जायला लागले तशी तानाबाईची झोप उडाली. माल निम्म्या भावात जातोय, सून कधी कढईत पडेल याचा नेम नाही. तिच्या मनात एक विचार घोळायला लागला, आणि एके दिवशी बनाबाई अंगणात पडलेली असताना म्हातारीनं पदर पसरून तो देवीपुढं ठेवला.

"आई मायाक्का, माढ्याच्या रामहरीची पोरगी हाय. धडधाकट हाय, बाजारहाट करती. येडूला दुसरी करून आनू का?"

बनाबाईनं त्यातला शब्द न शब्द ऐकला. आतून ती किंचाळली, न्हाय! न्हाय गं बाई! सगळा जीव डाव्या हातात आणला. डावा हात ओंडक्यासारखा पडून राहिला. आणि तो मुडदा उजवा हात, जन्मभर तिच्या पोटासाठी राबलेला, थाडथाड जमिनीवर आपटायला लागला.

"उजवा!" चन्नप्पा ओरडला. "उजवा कौल!"

स्वतःच्या सवतीला स्वतःच्या हातानं होकार देणारी बाई सोलापुरात ती पहिलीच असावी.

भानावर आल्यावर बनाबाई बराच वेळ त्या हाताकडं बघत बसली. कापून टाकावा असं तिला वाटलं. देवी म्हणावं, तर कौल उजवा. देवी नाही म्हणावं, तर ते फेफरं ठरतं, आणि फेफरं येणाऱ्या बायकोवर सवत आणायला कौलही लागत नाही. फेफरं नाही म्हणावं, तर सोंग ठरतं, आणि कामचुकार बायकोवरही सवत येतेच. तिन्ही वाटा माढ्यालाच जात होत्या. असला कौल एकदा लावून भागत नाही, अवसेला बिरोबाच्या देवळात भावकीसमोर पुन्हा लावायचा होता. तेवढीच काय ती सवड होती.

दुसऱ्या दिवशी ती एक घोंगडं डोक्यावर घेऊन, एका गिऱ्हाइकाचं ठरलेलं घोंगडं पोचवायच्या मिषानं, शिवयोगी डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. हा माणूस चौदा सालच्या मोठ्या लढाईत फौजेबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला. बोलायला तुसडा, पण गरिबाला हाकलत नसे. त्यानं तिच्या डोळ्यात उजेड पाडून पाहिला, जीभ बाहेर काढायला लावली, कडेनं नीट तपासली, गुडघ्यावर टिचक्या मारल्या. मग विचारलं, "पडल्यावर ऐकू येतं का, अव्वा?"

बनाबाई दचकली. हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ज्यानं त्यानं विचारलं होतं ते आपापल्या शेळीबद्दल.

"समदं ऐकू येतं. पर कुनाला सांगू नगा."

"कधी जीभ चावली? कपड्यात लघवी झाली?"

"न्हाय बा."

डॉक्टर मागं रेलून बसला. "लढाईत आमच्याकडं शिपाई यायचे. सहा फुटी गडी. गोळी लागलेली नाही, ओरखडा नाही, आणि धाडधाड उडतायत. साहेब म्हणायचे, सोंग करतात, फटके मारा. सोंग नव्हतं ते. सोसवेल त्याच्या पलीकडं गेलं की अंग कधीकधी मालकाला न विचारता कारभार हातात घेतं. तुझं तेच आहे. हे फेफरं नाही. आणि सोंगही नाही."

सोंगही नाही. बनाबाईला एवढ्यासाठीच रडू यायला लागलं, म्हणून तिनं घाईघाईनं घोंगड्याची घडी सारखी केली.

"पहिल्यांदा कधी झालं?"

यावर बनाबाईनं खळीचा ताव, लोकरीचा भाव, येडूचा बावळटपणा असं पुष्कळ काही सांगितलं. डॉक्टरनं ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी तीच म्हणाली, "तान्ही लेक गेली माझी. सोमवारी पुरून आलो. मंगळवारी बाजार हुता. आत्याबाई म्हनल्या, सासू माझी, कामात जीव रमंल. गेले. खळीजवळ पडले ती त्याच्या फुडच्या हप्त्याला."

"रडलीस का?"

"गिऱ्हाईक हुतं की वो."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. मग सांगितलं, की पडण्याआधी बोटं बधिर होतात ना, तेव्हाच सावध व्हायचं. खाली बसायचं. हातात येईल ती वस्तू चोळायची आणि ती कशी आहे ते मोठ्यानं बोलायचं. आवरलं तर आवरलं, नाही आवरलं तर घाबरायचं नाही. भोवती गर्दी नको, वहाण नको, कांदा नको. आणि लेकीसाठी रड. एकदम जायचं नाही हे, पण कमी होईल.

"बरं," बनाबाई म्हणाली. "आता बाटली द्या."

"बाटली नाही."

"लाल न्हाई तर पांढरी द्या. समद्यांना देता."

"तुला औषध लागू नाही, बाई!"

"मंग एवढं बोलल्याचं काय घेनार?" असं म्हणत तिनं जाताजाता त्याच्या गळ्यात घोंगडं मारलंच.

आता शहाण्या बाईनं घरी जाऊन हे सगळं सरळ सांगितलं असतं. पण बनाबाईच्या डोक्यात भलतंच शिरलं. तिनं विचार केला, हात आपलं ऐकत नाही ना? मग झटका येईपर्यंत थांबायचंच कशाला? अवसेला भावकी जमली की आपणच पडायचं, आणि डावा हात असा आपटायचा की माढ्यापर्यंत ऐकू गेला पाहिजे.

अवस आली. बिरोबापुढं ढोल वाजला, भंडारा उधळला, चन्नप्पानं हाक घातली, आणि बनाबाई पडली. डोळे मिटले, दात आवळले, डावा हात आपटायला सुरुवात केली. चन्नप्पा विचारतोय न विचारतोय तोच हात सुरू.

"डावा! डावा कौल!" भावकीत गलका झाला.

"थांबा," तानाबाई म्हणाली. ती वाकली आणि सुनेच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाली, "बने, ऊठ."

बनाबाईनं हात आणखी जोरात आपटला.

"अगं ऊठ म्हंते! पडताना पदर सावरलास. गुडघ्यावर लुगडं वडून घेतलंस. आदी जागा बगून बूड टेकलंस, मंग आडवी झालीस. एवढ्यांदा पडलीस तवा कदी भान हुतं तुला लुगड्याचं? मीच झाकत आले न्हवं!"

ढोल बंद पडला. बनाबाईनं एक डोळा उघडला. बाजारात भल्याभल्यांना गुंडाळणारी बाई, पण झटक्याचं सोंग काही तिला जमलं नव्हतं. ती उठून बसली, केसातली माती झटकली, आणि मग तिचं तोंड सुटलं.

"व्हय! ह्ये सोंग हाय. समद्यांनी बगून घ्या, सोंग आसं आसतं. एका नजरंत वळखलं न्हवं आत्याबाईनी? मंग मागचं समदं सोंग कसं आसंल? आनि देवीबी न्हाय ती. समदं ऐकत हुते मी पडल्या पडल्या. तुमी इचारलं, दुसरी आनू का. मी आतून वरडत हुते, न्हाय, न्हाय, आन हात माझा हो म्हनत हुता! माझा हात, आत्याबाई! माझ्याच हातानं माझं घर मोडाय निघाला हुता!"

आणि एवढ्या माणसांत, बिरोबासमोर, ती मोठ्यानं रडायला लागली. आधी सवतीसाठी, मग मध्येच लेकीचं नाव तोंडात आलं, आणि मग ते थांबेचना. तानाबाई तशीच वाकलेली राहिली. चन्नप्पा काहीतरी बोलायला गेला, तर म्हातारीनं त्याच्याकडं न बघताच हात वर करून त्याला गप्प केलं.

पण तानाबाई काही लगेच विरघळणारी बाई नव्हती. घरी आल्यावर तिनं बनाबाईकडून डॉक्टरचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक बाजार तुला देते. मी संगट बसनार. जमलं तर तुझा बाजार तुझा. न्हाई जमलं, कढईवानी बाजारात जिवाशी खेळ झाला, तर रामहरीला निरोप धाडनार. मला तुजी तिरडी बगायची न्हाय."

त्या मंगळवारी बनाबाईनं पथारी पसरली. शेजारी तानाबाई, तोंडात तंबाखू, नजर सुनेवर. सकाळ बरी गेली. मग एक जाडजूड पाटील आला, घोंगडं हातात घेऊन घासाघीस करायला लागला, आणि बनाबाईची बोटं बधिर झाली. तिनं ओळखलं. घट्ट मांडी घालून बसली, पुढ्यातलं घोंगडं दोन्ही हातांनी चोळायला लागली आणि डोळे मोठे करून मोठ्यानं बोलू लागली, "खरबरीत हाय. हितं खरबरीत हाय. कडंला मऊ हाय. जावळाची लोकर हाय, कोकराची पयली. काळी हाय. वास येतोय, खळीचा वास येतोय. उबदार हाय. माझ्या हातात हाय. हाय, हाय, हितंच हाय!"

पाटील आ वासून बघत राहिला. घोंगड्याबद्दल एवढ्या जिवाच्या आकांतानं बोलणारी बाई त्यानं पाहिली नव्हती. "बरं बरं, घेतो की," तो घाबरून म्हणाला, "रडू नगा." आणि बनाबाईनं सांगितला त्या भावात घेऊन गेला. बोटांत हळूहळू जीव आला. तानाबाई तंबाखू थुंकून म्हणाली, "आसं दर गिऱ्हाइकाला करत जा."

पण दुपारी मात्र आवरलं नाही. समोरून माढ्याचा रामहरी येताना दिसला, पोरीचं ठरलं की नाही ते विचारायला आलेला, आणि बनाबाई पथारीवरच कलंडली. चोळायला गेली, बोलायला गेली, पण उशीर झाला. डोळे मिटले. आतून तिला एवढंच कळलं, की संपलं. बाजार गेला.

गर्दी जमली. कुणी वहाण काढली. "कांदा आना रं!" कुणी हात जोडले, "आई, माझी म्हस..." आणि रामहरीचा आवाज आला, "तानाबाई, ऐकलं त्ये खरंच की. आगं, उजवा हलतोय! देवी हो म्हनती!"

बनाबाईला जाणवलं, लुगडं कुणीतरी गुडघ्यावर ओढलं. मग कुणीतरी तिचा उजवा हात धरला. दाबला नाही, नुसता उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि तो उडत राहिला तसा त्याच्याबरोबर ते खरबरीत, तंबाखूचा वास येणारे दोन्ही हातही उडत राहिले.

"ह्यो हात माझ्या सुनंचा हाय," तानाबाई म्हणाली. "ह्यो हलतोय, बोलत न्हाय. जी बोलती ती आत हाय, तिचं ऐकून घेतलंय मी. पाव्हनं, पोरीला दुसरं ठिकान बगा, आमच्या घरात जागा न्हाय. आनि तुमी! काय तमाशा लावलाय? ती वहाण फिरीव माघारी, न्हाईतर तुज्याच नाकात घालीन. घोंगडं घेनार आसाल तर थांबा, न्हाईतर वारा येऊ द्या माझ्या पोरीला."

पोरीला, म्हणाली. सून झाल्यापासून बनाबाईनं हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

बऱ्याच वेळानं अंग सैल पडलं. डोळे उघडले तेव्हा गर्दी पांगली होती, आणि हात अजून तानाबाईच्या मांडीवरच होता. बनाबाईची जीभ जड झाली होती, तरी पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं:

"आत्याबाई, रामहरीच्या गळ्यात घोंगडं घातलं का त्याला तसंच सोडलं?"

"घातलं की," तानाबाई म्हणाली. तिचे डोळे गळत होते, ते तिनं सुनेच्याच पदराला पुसले. "पोरीच्या लग्नात अंथरा म्हनलं."

झटके पुढंही येत राहिले. कमी झाले, पण पार गेले नाहीत. बाजार मात्र बनाबाईचाच राहिला. देवीला कौल लावायचा म्हणून पत्ता विचारत लांबलांबून माणसं अजून यायची. तानाबाई त्यांना पाणी द्यायची, बसवायची, देवी आता इथं येत नाही म्हणून सांगायची, आणि प्रत्येकाला एकएक घोंगडं विकूनच परत पाठवायची. आणि बनाबाई पडली की म्हातारी हातातलं काम टाकून यायची, लुगडं सारखं करायची, आणि तिचा उजवा हात मांडीवर घेऊन, तो थांबेपर्यंत बसून राहायची.